थोल : एक जुना स्कॉट्स शब्द आणि आमचा बंद पडलेला बॉयलर

गारठलेली_कोकणी

स्कॉटलंडचा शब्द म्हटला की सगळे 'ड्रीख' घेऊन येतात. कुंद, ओलं, दिवसभर न उघडणारं आभाळ म्हणजे ड्रीख. तो इथे मगांवर, टी-शर्टांवर छापून विकतात. मला आज दुसऱ्याच एका शब्दाबद्दल विचारायचंय.

आम्ही एअर गावात राहतो. स्कॉटलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर आहे. समुद्र आहे, मासळी आहे, पाऊस चिपळूणसारखा, फक्त तो चार महिन्यांत आटपत नाही. तर गेल्या सोमवारी भर जानेवारीत आमचा बॉयलर बसला. दुरुस्तीवाल्याला फोन केला तर म्हणाला, गुरुवारी येतो. तीन रात्री! घरात बोलताना तोंडातून वाफ निघत होती.

संध्याकाळी शेजारच्या आजी आल्या. ऐंशीच्या पुढे वय, पाठ वाकलेली, हातात गरम पाण्याच्या दोन रबरी पिशव्या, त्यांना स्वतः विणलेली लोकरीची अंगडी. पिशव्या माझ्या हातात कोंबल्या आणि म्हणाल्या, "यिल जस्ट हे टे थोल इट, हेन." 'हेन' म्हणजे कोंबडी नव्हे, इकडे बायकांना लाडाने तसं म्हणतात, आपल्या 'गं बाई'सारखं. पुढचं काही कळलं नाही. नवरा आतून ओरडला, "टोल? आता कसला टोल भरायचा?"

दुसऱ्या दिवशी पिशव्या परत द्यायला गेले तेव्हा विचारलं. आजींनी एकेक अक्षर सांगितलं: टी, एच, ओ, एल, ई. कोशात अर्थ सापडला: सोसणे, सहन करणे. पण आजींच्या तोंडी 'सहन कर' असा उपदेशाचा सूर अजिबात नव्हता. मला तो आमच्या आईच्या 'जरा कळ काढ'सारखा वाटला. कोणाला जास्त माहिती आहे का? आणि मराठीत नेमका शब्द कोणता घ्यावा?

खवचट_खार

टोल वाचून आत आलो. नाक्यावर थांबून तासभर जे करतो ते हेच असावं. चालू द्या, मी बसलोय.

शब्दखोर

वा, आवडता शब्द काढलात. सावकाश लिहितो.

आधी उच्चार. आपला 'थ' इथे चालत नाही. जिभेचं टोक दातांत धरून हवा सोडायची, 'थ्री'मध्ये इंग्रज सोडतात तशी. म्हणून नवऱ्याला टोल ऐकू आलं, त्यात त्यांची चूक नाही.

शब्द हजार वर्षांहून जुना आहे. जुन्या इंग्रजीत 'थोलिअन' होता, अर्थ हाच. पुढे लंडनकडच्या प्रमाण इंग्रजीने तो टाकून दिला आणि लॅटिनमधून आलेला 'टॉलरेट' घेतला. उत्तर इंग्लंडच्या बोलींत आणि स्कॉटलंडमध्ये मात्र थोल राहिला. गंमत म्हणजे थोल आणि टॉलरेट हे लांबचे भाऊच आहेत, दोघांचं मूळ एक: उचलणे, पेलणे, वजन अंगावर घेणे.

आणि त्याच मुळाचा आपल्याकडचा भाऊ म्हणजे तुला. हो, तराजूवाली. संस्कृत 'तुल्' म्हणजे उचलून वजन बघणे, त्यातून तुला, तोल, तोलणे. मूळच्या 'त'चा जर्मानिक भाषांत, म्हणजे इंग्रजी, जर्मन, नॉर्वेजियन यांच्या कुळात, तो दातांतला 'थ' होतो. याकोब ग्रिमने १८२२ मध्ये हा नियम मांडला. त्रि आणि थ्री, तनु आणि थिन, तृष्णा आणि थर्स्ट, तृण आणि थॉर्न यांच्या रांगेत तुला आणि थोल नेऊन बसवा.

मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट अशी की संस्कृतात तुला म्हणजे छपराला आधार देणारं आडवं लाकूडसुद्धा. आपली तुळई! कौलं, वासे, वर साचलेला पालापाचोळा, सगळं तिने घेतलेलं असतं आणि ती काही बोलत नाही. फार तर पावसाळ्यात करकरते.

दर्यासारंग

माझ्या माहितीप्रमाणे थोल म्हणजे होडीच्या काठावरची लाकडी खुंटी, जिला वल्हं अडकवतात. जहाजावर बावीस वर्षं काढली आहेत. ती खुंटी वल्ह्याचा सगळा जोर सोसते, म्हणून तिला थोल म्हणत असणार. तुमची तुळई आणि माझी खुंटी एकच!

शब्दखोर

सारंग, दिसायला इतकं सुंदर आहे की खोडायला जिवावर येतंय. पण तो शब्द वेगळा. खुंटीचा थोल जुन्या नॉर्समधल्या (स्कँडिनेव्हियाची जुनी भाषा) झाड, खुंटा अशा अर्थाच्या शब्दाच्या नात्यातला. स्पेलिंग एक, कुळं दोन. आपल्याकडे 'कळ' नाही का, पोटातली वेगळी आणि दाबायची वेगळी.

दर्यासारंग

ठीक. खुंटी मागे घेतो.

उलटतपासणी

हा शब्द फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी उरलाय असं कोणाला वाटत असेल तर सांगतो, तो स्कॉटलंडच्या कोर्टात रोजगारावर आहे.

तिथल्या फौजदारी कायद्यात 'टु हॅव थोल्ड वन्स असाइझ' असा वाक्प्रयोग आहे. असाइझ म्हणजे पंचमंडळ, म्हणजेच ज्युरी. स्कॉटलंडच्या ज्युरीत पंधरा जण असतात. एखाद्यावर खटला पूर्ण चालला, निकाल लागला, की त्याने आपली असाइझ 'थोल' केली. त्याच गुन्ह्यासाठी त्याला पुन्हा उभं करता येत नाही. आपल्या राज्यघटनेच्या कलम २०(२) चं हे भावंड, फक्त शब्द मध्ययुगातला.

यात भूतकाळ बघा. सोसतोय असं नाही, सोसून झालं. आता पुन्हा नाही.

२०११ मध्ये स्कॉटिश संसदेने हे तत्त्व कायद्याने लिहून काढलं आणि त्याला अपवादही जोडले, उदाहरणार्थ नवा भक्कम पुरावा मिळाला तर. एडिनबरोतला 'वर्ल्ड्स एंड' खटला त्यातूनच पुन्हा उभा राहिला. १९७७ साली त्या नावाच्या पबमधून बाहेर पडलेल्या दोन सतरा वर्षांच्या मुलींचा खून झाला होता. २००७ मध्ये खटला मध्येच कोसळून आरोपी सुटला. नव्या कायद्याखाली २०१४ मध्ये तोच माणूस पुन्हा उभा केला गेला आणि दोषी ठरला. तोपर्यंत थोल केलं ते त्या मुलींच्या घरच्यांनी, सदतीस वर्षं.

गारठलेली_कोकणी

बापरे. मी बॉयलरवरून सुरू केलं होतं.

'सोसून झालं' हे फार पटलं. आजींच्या बोलण्यातही तेच होतं बहुतेक: गुरुवारपर्यंतच आहे, काढ.

रोखठोक

थोडं कडू बोलते. 'सोसणे' म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो. लग्नानंतर अकरा वर्षं मला नातेवाईक 'सोशिक आहे हो पोरगी' म्हणून शाबासकी देत होते, आणि ती शाबासकी म्हणजे दाराला लावलेली कडी होती. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. कोणाला हवंय देवपण? स्कॉटिश आजी गोड असतील, पण शब्दाचं कौतुक करताना तो कोणाला सुनावला जातो तेही बघा.

मास्तर_निवृत्त

रोखठोक ताई, तुमचा मुद्दा रास्त आहे. आणि पुरावा तुमच्याच बाजूचा आहे. जुन्या स्कॉट्समध्ये 'थोलम्यूड' असं विशेषण होतं. म्यूड म्हणजे मन, इंग्रजीतल्या मूडचाच पूर्वज. थोल करणारं मन ज्याचं तो थोलम्यूड, म्हणजे शब्दशः सोशिक! शिवाय 'जो थोल करतो तो जिंकतो' अशी म्हणही आहे. उपदेश करणारे तिकडेही होतेच.

गारठलेली_कोकणी

रोखठोक, तुझा प्रतिसाद दोनदा वाचला. खरं आहे. पण आजी जे म्हणाल्या त्यात शाबासकी नव्हती गं. त्या स्वतः तीन वर्षांपासून गुडघ्याच्या ऑपरेशनची वाट बघताहेत. रोज सकाळी जिना उतरताना प्रत्येक पायरीला एक शिवी हासडतात, मला भिंतीतून ऐकू येतं. उतरून झालं की कुत्र्याला घेऊन किनाऱ्यावर. कोणी 'किती सोशिक' म्हटलं तर काठी उगारतील. त्यांच्या थोलमध्ये कुरकुर धरलेली आहे.

आणि त्यांचंच दुसरं वाक्य, समोरच्या गल्लीतल्या एका गृहस्थांबद्दल: "आय कॅना थोल हिम." नकारात आला की साधा, रोखठोक नापसंतीचा शब्द. मला तो माणूस सहन होत नाही, संपलं.

रोखठोक

पायरीला एक शिवी. हे असलं थोल मला चालेल. आजींना नमस्कार सांग.

खवचट_खार

नापसंतीच्या वाक्यात आपला आयडी वापरल्याबद्दल रोखठोक यांनी मानधन मागावं.

नॉर्वेकर

उशिरा आलो, पण एक महत्त्वाची साक्ष द्यायची आहे. नवरोबांचा 'टोल' बरोबर आहे, फक्त देश चुकला!

मी बर्गेनला असतो. नॉर्वेजियनमध्ये हाच शब्द 'टोले' असा आहे, जुन्या नॉर्समधल्या 'थोला'वरून आलेला. इकडे तो 'थ' उरला नाही, त्याचा ट झाला. आणि वापर? माझा मुलगा बालवाडीत जायला लागला तेव्हा फॉर्मवर विचारलं होतं, याला काय टोले होत नाही. दूध पचत नसेल तर इथे म्हणतात, "याय टोलर इके मेल्क." मी वाचलं आणि थबकलो. कारण आमची आजी हेच म्हणायची: "मला दूध सोसत नाही." पचत नाही असं नाही, सोसत नाही!

म्हणजे दुःख, माणूस, थंडी आणि दूध या चारही गोष्टींना एकच क्रियापद नॉर्वेतही आहे आणि साताऱ्यातही. माझं मत सोसणे. सहन करणे फार पुस्तकी, आणि सहन करून दूध पिता येत नाही.

शब्दखोर

नॉर्वेकर, टाळ्या. जर्मनमध्ये याच कुळातला 'डुल्डेन' आहे, तिथे ड झालाय, आणि संयमाला ते 'गेडुल्ड' म्हणतात. त, थ, ट, ड, एकाच घरातली चार पोरं, चारही वेगवेगळ्या गावाला. फक्त लक्षात असू द्या की आपलं 'सोसणे' या कुळातलं नाही. कुळातलं आहे ते तोलणे. अर्थाने जवळचा भाऊ सोसणे, रक्ताने जवळचा तोलणे.

मास्तर_निवृत्त

कोकणीताई एअरला राहतात म्हणजे रॉबर्ट बर्न्सच्या गावाला खेटून. त्याचं जन्मगाव ॲलोवे तिथून अगदी जवळ. थोलचा सगळ्यात गाजलेला वापर त्याच्याच कवितेत आहे. नांगरताना उंदराचं घरटं मोडलं, त्यावरची ती १७८५ ची कविता. उंदराने हिवाळ्यासाठी पानं, काड्या कुरतडून घर रचलं होतं, ते फाळाखाली गेलं, आणि आता बिचाऱ्याला उघड्यावर "टु थोल द विंटर्स स्लीटी ड्रिबल". गारांमिश्रित पावसाची ती संततधार आणि वर दहिवराचा कडाका.

यात उंदराला कोणी धीर धर म्हणत नाही. घर मोडलंय, पाऊस पडतोय, अंगावर घेणं भाग आहे. मी वर्गात शिकवत असतो तर 'अंगावर काढणे' लिहिलं असतं. ताप अंगावर काढतो तसा हिवाळा अंगावर काढायचा.

ही कविता ज्यात आहे तो संग्रह १७८६ च्या जुलैत एअरशायरमधल्याच किल्मारनॉकला छापला गेला. त्याच वर्षी फेब्रुवारीत विल्यम जोन्सने कलकत्त्यात ते प्रसिद्ध भाषण केलं, संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघाल्या असाव्यात म्हणणारं. थोल छापखान्यात जात होता तेव्हा त्याच्या नातेवाइकांचा शोध इकडे नुकता सुरू झाला होता.

उंबरठ्यावरची

'अंगावर काढणे' जबरदस्त! पण त्यात थोडा निष्काळजीपणा नाही का? डॉक्टरकडे जायचं टाळून काढतो आपण.

मास्तर_निवृत्त

खरं आहे. उंदराकडे डॉक्टरही नव्हता.

वाचनमात्र_होतो

पहिलाच प्रतिसाद. एक शंका: ही बोली की भाषा? मी तर समजत होतो स्कॉटलंडचे लोक वेगळ्या हेलात इंग्रजीच बोलतात.

खवचट_खार

झालं. आता मराठी-कोकणी निघणार, मग पाचशे प्रतिसाद.

शब्दखोर

निघू द्यायचं नाही. थोडक्यात: स्कॉट्स ही जुन्या इंग्रजीच्या उत्तरेकडच्या फांदीतून वाढलेली, गेलिक ती वेगळीच, केल्टिक कुळातली. २०२२ च्या जनगणनेत सुमारे पंधरा लाख लोकांनी स्कॉट्स बोलतो असं लिहिलं. २०२५ मध्ये तिथल्या संसदेने गेलिक आणि स्कॉट्स दोघींना अधिकृत दर्जा देणारा कायदा केला. कोश म्हणाल तर जॉन जेमिसनचा १८०८ चा दोन खंडी, नंतर विसाव्या शतकातला दहा खंडांचा, आणि मध्ययुगीन स्कॉट्सचा वेगळा बारा खंडांचा, जो १९३१ मध्ये सुरू होऊन २००२ मध्ये पुरा झाला. सत्तर वर्षं! त्या संपादकांनीही बरंच थोल केलं असणार.

आणि कोशांवरून आठवलं. एअरशायरचा एक माणूस आपल्या कोशांच्या इतिहासात आहे: व्हान्स केनेडी. मुंबईच्या सैन्यात अधिकारी होता. मोल्सवर्थच्या कोशाला, म्हणजे १८३१ ला, अजून सात वर्षं अवकाश होता तेव्हा १८२४ मध्ये मुंबईत त्याने मराठीचा कोश छापला. तो तिथे जन्मला बर्न्सच्या काळात, म्हणजे थोल त्याच्या कानावरून लहानपणी रोज जात असणार. हा माझा तर्क, पण पैज लावायला तयार आहे.

गारठलेली_कोकणी

काय सांगता! आमच्या एअरशायरचा? उद्या आजींना सांगते.

उंबरठ्यावरची

अजून एक. उत्तर आयर्लंडमध्येही थोल चालतो, सतराव्या शतकात स्कॉटिश वसाहतवाल्यांबरोबर तिकडे गेला. कवी शेमस हीनी यांनी 'बेवुल्फ' या जुन्या इंग्रजी महाकाव्याचं भाषांतर केलं, १९९९ चं, त्याच्या प्रस्तावनेत सांगितलंय. जुन्या इंग्रजीतलं ते थोलिअन समोर आलं आणि आपल्या घरातल्या मोठ्या माणसांच्या तोंडचा शब्द त्यांना ओळखू आला. कोणाच्या घरी अचानक मृत्यू झाला की त्यांची ऑन्ट म्हणायची, आता त्यांना थोल करायला शिकावं लागेल. मावशी की आत्या ते विचारू नका, इंग्रजीत ती सोयच नाही.

इथे मात्र मला कळ काढणे किंवा अंगावर काढणे बसत नाही. माणूस गेल्यावर 'कळ काढ' कसं म्हणणार? तिथे सोसणेच.

शब्दखोर

मान्य. म्हणजे एकच शब्द घेऊ नये. वाक्य बघून ठरवावं.

एक वापर अजून राहिला, तो कोणालाच आठवला नाही. 'अमुक गोष्टीला अमुक थोल होईल' म्हणजे त्यात तेवढी जागा आहे, आणखी घातलं तरी चालेल, सुधारायला वाव आहे. कोशात आहे, पण मी प्रत्यक्ष कानाने कधी ऐकलेला नाही. कोकणीताई, आजींकडून वदवून घ्या.

गारठलेली_कोकणी

अपडेट. दुरुस्तीवाला गुरुवारी आला, झाकण उघडलं, म्हणाला एक भाग मागवावा लागेल, सोमवारी बसवतो. म्हणजे आणखी चार दिवस. नवरा आता 'टोल वाढवला' असं म्हणत फिरतोय.

मधल्या शनिवारी मी माघी गणपतीचे मोदक केले. घरात तेवढंच एक उबदार ठिकाण होतं, गॅससमोरचं. आजींना बोलावलं. मी उकड परातीत काढली आणि सवयीने तोंडातून निघालं, हाताला सोसेल इतपत गरम असतानाच मळायची. बोलता बोलता थांबलेच. चार दिवस तुम्हाला शब्द विचारत होते आणि तो परातीत होता.

आजींना इंग्रजीत सांगितलं की अजून फार गरम आहे, हात लावू नका. त्यांनी लावला. वाकडी झालेली बोटं उकडीत खुपसली, चेहरा आक्रसला, एक शिवी घातली आणि म्हणाल्या, "ऑख, इट्स थोलेबल." मग पाण्याचा हात घेऊन माझ्याबरोबर मळत बसल्या. पाऱ्या काही जमल्या नाहीत, त्यांनी आपले करंजीसारखे दुमडले.

व्हान्स केनेडीचं सांगितलं. "केनेडी? इथे दगड मारलास तरी केनेडीला लागेल," म्हणाल्या.

शब्दखोर, तुमचं काम झालं. वदवून घ्यावं लागलं नाही. तिसरा मोदक फोडून त्यांनी वर सोडलेल्या तुपाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "दॅट कुड थोल अ वी बिट मेअर." मी तुपाची वाटी त्यांच्याकडे सरकवली.